तक्त्यावर नसलेला मंगळवार

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर, एक तक्ता होता. सोमवारी सकाळी रूपालीनं भिंतीला चिकटवला तेव्हा तो साधा एक कागद होता. बुधवारपर्यंत त्याला सात कागद फुटले. शुक्रवारी भिंत संपली म्हणून तो कोपऱ्यात वळला, स्विचबोर्डाला वळसा घालून दारावर आला, आणि शनिवारी त्यातला एक बाण थेट संडासाच्या दारावर जाऊन थांबला. तेव्हापासून आत जाणारा प्रत्येक माणूस आधी रूपालीला विचारायचा, "जाऊ काय मॅडम? का माझ्या आधी कोण जायचं राहिलंय?"

रूपालीला हसू येत नव्हतं. दहा दिवसांत ती एकदाही हसली नव्हती. गेट पडलं आणि गाडी गेली की तक्त्याचे कागद फडफडायचे, आणि खरं सांगायचं तर गाडी गेल्यावर काही बाण आपली जागा बदलून बसलेले असायचे.

कंपनी निपाणीच्या पार्श्वनाथ अण्णांची. धंदा शेतातल्या पंपाला बसवायच्या पेटीचा. शेतकऱ्यानं घरात बसून मोबाइलवर बोट टेकवायचं, की तिकडं नदीकाठी मोटर चालू. ह्या खेळात गडी तीन. पेटीच्या पोटातला प्रोग्राम, तो कुमारचा. मोबाइलचं ऐकून पेटीला सांगणारा मधला सर्व्हर, तो नागेंद्रचा. आणि मोबाइलवरचं ॲप, ते सोनलचं. तिघांच्या नव्या आवृत्त्या गिऱ्हाइकांकडं कुठल्या क्रमानं सोडायच्या, एवढंच ठरवायचं काम रूपालीचं. एवढंच. चार भावांच्या वाटण्या करायला बसलेल्या माणसालाही लोक असंच म्हणतात.

घाई कशाची होती तेही सांगायला हवं. पेट्या ज्या मोबाइल नेटवर्कवरून बोलत होत्या, ते जुनं नेटवर्क बुधवारी मध्यरात्री कायमचं बंद होणार होतं. एकूण पेट्या चारशे बारा. नवा प्रोग्राम बसला तर त्या नव्या नेटवर्कवर बोलायला लागणार, नाही बसला तर मुक्या होणार. आणि मुक्या पेटीला हवेतून काही पाठवता येत नाही. तिच्यासाठी लॅपटॉप आणि वायर घेऊन बांध तुडवत जावं लागतं.

त्यातल्या सत्तेचाळीस पेट्या एकट्या नेरलवाडीत होत्या. खानापूरच्या अलीकडं मलप्रभेच्या काठावरचं हे गाव म्हणजे रूपालीचं गाव. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील भरमू देवळासमोर उभे राहून सगळ्या गावाला म्हणाले होते, "माझ्या लेकीचं काम हाय. बसवा. पेटी मुकी झाली तर माझ्या दारात आणून टाका." लोकांनी बसवल्या. कारण भरमूचा शब्द हा त्या गावात हवामान खात्याच्या वरचा. भरमू उद्या पाऊस म्हणाला तर बायका आजच वाळवण आत घेत, आणि पाऊसही बिचारा भिडेखातर चार थेंब टाकून जाई. आता त्या सत्तेचाळीस पेट्या मुक्या झाल्या तर महिन्याभरात येणाऱ्या गावच्या यात्रेला सगळे पाहुणे गोळा झालेले असताना त्या भरमूच्या दारात येऊन पडणार. रूपालीला झोपेत ते दार दिसायचं.

आणि ऑफिसात काय चाललेलं?

"आधी सर्व्हर बदल," कुमार म्हणाला. "माझी नवी पेटी नव्या बोलीत बोलणार. तुझा सर्व्हर ती बोली शिकल्याबिगर मी पेटीला हात लावणार न्हाय."

"आगूदिल्ल री," नागेंद्र म्हणाला. होणार नाही, हे त्याचं रोजचं पहिलं वाक्य. हे तो असं गार आवाजात म्हणायचा की वरचा पंखाही दोन फेरे कमी घ्यायचा. "माझा नवा सर्व्हर जुन्या बोलीचं ऐकतच न्हाई. आधी मी बदललो तर चारशे बारा पेट्या ओरडत बसणार, आणि ऐकणार कोण? आधी पेट्या."

"मग माझं ॲप?" सोनलनं कानातला इयरफोन काढला. "अण्णांनी सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकलाय. बुधवारी सकाळी धाला नवीन ॲप. नव्या सर्व्हरबिगर माझं ॲप उघडतबी न्हाय."

"मेसेज टाकायच्या आधी मला विचारलं होतं?" रूपाली म्हणाली.

"अण्णांनी मला विचारलं, ॲप कसं झालंय. मी म्हटलं, झ्याक."

म्हणजे पेटी सर्व्हरसाठी थांबली, सर्व्हर पेटीसाठी थांबला, ॲप सर्व्हरसाठी, आणि अण्णा ॲपसाठी. लग्नाच्या पंगतीत चौघांनीही 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करत उभं राहावं आणि भात गार व्हावा, तशी गत. दोन दिवस भात गार होत होता. तिसऱ्या दिवशी रूपालीनं मार्कर टेबलावर आपटला.

"नागेंद्र, मधल्या चार दिवसांपुरता एक सर्व्हर कर. त्याला जुनी बोलीबी कळली पाहिजे, नवीबी."

"दोन-दोन बोली? एकाच सर्व्हरला? आगूदिल्ल री मॅडम."

"सकाळी तू बायकोशी कन्नडमध्ये भांडून येतोस, आणि इथं येऊन माझ्याशी मराठीत भांडतोस. तुला जमतंय, तुझ्या सर्व्हरला काय धाड भरलीया?"

कुमारनं टेबलावर थाप मारली. सोनल खुर्चीसकट फिरली. नागेंद्र वळून कीबोर्डला लागला, आणि सोमवारी संध्याकाळी दोन्ही बोली बोलणारा सर्व्हर उभा होता. मात्र उपकार केल्याच्या चेहऱ्यानं त्यानं एक बाण स्वतःच्या हातानं तक्त्यावर काढला.

"हा जुगाड जुन्या नेटवर्कच्या खांद्यावर उभा हाय. बुधवारी रात्री बाराला ते मेलं, की हाबी पडला. त्याच्या आधी खरा नवीन सर्व्हर चढला पाहिजे. चढायला आठ तास. म्हणजे बुधवारी चारच्या आत सुरुवात. चार वाजून एक मिनिट झालं, की..."

"आगूदिल्ल," तिघं एकदम म्हणाली.

कुमारचीही एक अट होतीच. ती त्यानं तिसऱ्या बाणाखाली मुंगीच्या पायासारख्या अक्षरात लिहिली होती. पेटी नवा प्रोग्राम उतरवून घेणार, पण पोटात बसवून घेणार केव्हा? मोटर दहा मिनिटं पाणी ओढून बंद झाल्यावर. चालू मोटरीत मध्येच प्रोग्राम बदलला तर मोटर जळेल, म्हणून. आणि बसवतानाही सर्व्हरला जुन्या बोलीत एकदा विचारणार, मगच.

"ह्या उन्हात रोज मोटर कोण चालवत न्हाय?" रूपाली म्हणाली आणि तिनं त्याच्यासमोर लिहून टाकलं, 'रोज चालू-बंद होतेच.'

दहा दिवसांत तक्त्यावर काय आलं नव्हतं? कुठल्या गावात शेतीची थ्री-फेज लाइट किती वाजता येते, ते होतं. कुमार सूर्य मावळायच्या आत जेवतो, तेव्हा साडेपाचनंतर अर्धा तास त्याला हलवायचा नाही, तेही होतं. नागेंद्रची सासू सोमवारी गदगहून येणार, हेसुद्धा लाल पेनानं होतं. राहिलं एवढंच, की रविवारी रूपालीची आई, जयाबाई, फोनवर म्हणाली होती, "अगं, काल देवीला गाऱ्हाणं घातलं बघ. पाच मंगळवार वार धरलाय गावानं. आवंदा यात्रा जोरात करायची म्हणालेत." आणि फोन खांद्यानं कानाशी दाबून बाण काढता काढता रूपाली म्हणाली होती, "हं."

मंगळवारी सकाळी सातला पेट्या सुटल्या. आठला पहिली पेटी नव्या बोलीत बोलली, चिकोडीकडची. कुमारनं पडद्याला नमस्कार केला. दहापर्यंत दीडशे, बारापर्यंत अडीचशे. दुपारी तीनला तीनशे पासष्ट. सोनलनं खाली जाऊन सगळ्यांचं तोंड गोड करायला कुंदा आणला.

आणि तीनशे पासष्टवर गाडी थांबली.

साडेतीनला तीनशे पासष्ट. चारला तीनशे पासष्ट. कुंदा तसाच राहिला.

"तुझा सर्व्हर थकला," कुमार म्हणाला.

"माझा सर्व्हर जागा हाय री. तुझ्या पेट्या झोपल्यात."

"पेट्यांनी प्रोग्राम उतरवून घेतलाय, हे बघ, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. फक्त बसवून घेईनात. तुझ्याकडनंच कायतरी उलटं जातंय."

"तीनशे पासष्टना सुलटं आणि सत्तेचाळीसना उलटं? माझा सर्व्हर माणसं बघून वागतोय व्हय?"

पुढचा दीड तास त्या ऑफिसात जे झालं ते लिहिण्याजोगं नाही. कुमारनं आपला प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचून काढला. नागेंद्रनं मराठी सोडली. सोनल म्हणाली, चूक कुणाचीही असो, माझी नाही, आणि हे तिनं एवढ्या वेळा म्हटलं की सगळ्यांना तिचाच संशय यायला लागला. निपाणीहून अण्णांचे चार फोन आले. अण्णांचा आवाज असा, की त्यांना फोनची गरज फक्त नंबर लावण्यापुरती. रूपालीनं चौथ्या फोनला सांगितलं, "बघतेय अण्णा," आणि डोकं टेबलावर टेकवलं. बाण सगळे बरोबर होते. एकेक तिनं बोटानं पुन्हा गिरवून पाहिला होता.

साडेपाचला कुमारनं डबा उघडला.

"दहा मिनिटं थांब की," रूपाली म्हणाली. "एवढी एक यादी काढून दे, मग जेव."

"दहा मिनिटं सूर्याला धरून ठीव, मग थांबतो," कुमारनं भाकरी मोडली. "आमच्या आजीनं तापानं फणफणतानाबी अंधारात औषध घेतलं न्हाय. पाळायचं म्हणजे पाळायचं, त्याला अपडेट आडवा येत न्हाय."

रूपाली त्याच्या भाकरीकडं बघत राहिली. मग एकदम उठली, कुमारच्या खुर्चीमागून हात घालून तिनं स्वतःच यादी काढली, आणि सत्तेचाळीस पेट्या गावावार लावल्या. लावायला काही नव्हतंच. गाव एकच होतं.

तिनं फोन लावला.

"आप्पा, आज मोटर चालू केलासा काय?"

"आज?" भरमूचा आवाज वर गेला. "खुळी काय गं तू? मंगळवार न्हवं आज? वार धरलाय गावानं. नांगर न्हाय, गिरण न्हाय, खुरपं न्हाय, मोटर तर न्हायच न्हाय. सकाळधरनं सगळं गाव देवळाम्होरं बसलंय. आईनं सांगिटलं न्हाय व्हय तुला?"

"सांगितलं."

"मग?"

"मी हं म्हटलं."

रूपालीनं त्याला सगळं सांगितलं. मुक्या पेट्या, जुनं नेटवर्क, बुधवारचे चार. शेवटी म्हणाली, "आप्पा, दहाच मिनिटं. कुणाला कळणारबी न्हाय. घरात बसून मोबाइलवर दाबायचं."

"गावाला कळणार न्हाय. मला कळंल की," भरमू म्हणाला. "रूपे, शब्द मीच दिलाय, पेटीचाबी आणि वाराचाबी. एकासाठी दुसरा मोडला तर उद्या माझ्या तोंडाकडं कोण बघंल? उद्या लाइट कवा हाय?"

"अकरा ते चार."

"मग उद्या बघू. तू जेव आता."

जेवण कुठलं. आता अण्णांना सांगायचं होतं. सकाळी दहाचा मेसेज सगळ्या गिऱ्हाइकांच्या खिशात पोचलेला, आणि त्यासाठी नवा सर्व्हर रात्री दोनलाच चढवायला घेतला तर जुनी बोली बोलणाऱ्या सत्तेचाळीस पेट्या जागीच मुक्या. अण्णा म्हणाले, तीनशे पासष्ट एका बाजूला आणि सत्तेचाळीस एका बाजूला, हे काय गणित झालं? अण्णा म्हणाले, तुझं गाव म्हणून थांबायचं काय? अण्णा बरंच काही म्हणाले, आणि चष्म्याच्या दुकानात खाली एका काचेला तडा गेला असं दुकानदार अजून सांगतो.

"झालं अण्णा?" रूपाली म्हणाली. तिचाही आता तोल गेला होता. "तुमच्या घरात चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत्यात?"

"आमची मंडळी, तारामती? हॅट. जन्मात न्हाय."

"आणि कुणाचा अपडेट आला म्हणून चिरतील?"

अण्णा खाकरले. "चारपर्यंत," ते म्हणाले. "चारनंतर तुझी देवी आणि तू. मेसेज मी दुसरा टाकतो."

बुधवारी सकाळी रूपालीचा बेत तयार होता. अकराला लाइट आली की सत्तेचाळीस मोटरी एकदम चालू, साडेअकराला काम खलास. तिनं तो भरमूला ऐकवला.

"एकदम?" भरमू म्हणाला. "टीसी उडंल की."

टीसी म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. तो उडाला तर पंधरा दिवस गावात लाइट नाही, हे रूपालीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिच्या तक्त्याला नव्हतं.

"थांब, लिवून घे," भरमू म्हणाला. त्यानं लग्नपत्रिकेच्या मागं रात्रीच मांडून ठेवलं होतं. "चार-चार चालवायच्या. नदीकडच्या पयल्या, त्येंच्या मोटरी हलक्या. परशरामची धा एचपीची मोटर वडाय लागली की मारुतीरावची उचलत न्हाय, म्हणून ती दोघं येगळी. मारुतीराव दोनला मुलगी बघाय सांबऱ्याला जाणार, तवा त्येला आधी. वरच्या आळीची दोन वाजल्यानंतर, तवा दाब बरा असतोय. बारा पाळ्या हुत्यात. एकेकीला पंचवीस मिनटं धर."

रूपाली लिहीत गेली. जे काढायला तिला दहा दिवस आणि एक संडासाचं दार लागलं होतं, ते तिचा बाप पाच मिनिटांत सांगून मोकळा झाला. बारा पाळ्या, पंचवीस मिनिटं, बरोबर पाच तास. अकरा ते चार. काठोकाठ. चहाला उठायचीसुद्धा सोय नाही.

अकराला लाइट आली. भरमू बांधावर उभा राहिला. त्याची हाक म्हणजे कणकुंबीच्या जंगलातले गवे मान वर करून बघतात, अशी. "पयली पाळी! वडा!" ऑफिसात फोन स्पीकरवर होता, ती हाक ऐकून सोनलच्या हातातला कप सांडला.

चार झाल्या. आठ. बारा. कुमार आकडे म्हणत होता, नागेंद्र घड्याळ बघत होता. मधेच एकाची मोटर बंदच होईना, कारण गडी मोबाइल घेऊन म्हैस धुवायला गेला होता. पाच मिनिटं गेली. एकानं पाळी नसताना मोटर ओढली, त्याला भरमूनं बांधावरून ज्या शब्दांत थांबवलं ते ऐकून नागेंद्रनं वहीत दोन शब्द टिपून घेतले. पाच मिनिटं तिथंही गेली. रूपाली उभी होती ती उभीच होती. दोन वाजता अठ्ठावीस. मग दाब सुधारला, आणि एकेक पाळी वीस मिनिटांतच उरकायला लागली. तीन वाजता चाळीस. तीन वाजून वीसला चव्वेचाळीस.

शेवटची पाळी तिघांची. रवळू, मालुबाई आणि स्वतः भरमू. भरमूनं आपलं नाव सगळ्यात खाली घातलं होतं.

रवळूची मोटर लागली. मालुबाईची लागली आणि अर्ध्या मिनिटात बंद पडली. पुन्हा लागली, पुन्हा बंद.

"पेटी खराब?" नागेंद्र म्हणाला.

"पाणी वडत न्हाय," फोनवरून भरमू धापा टाकत म्हणाला. "फुटवाल गळतोय तिचा. काल दिवसभर मोटर बंद, पाइपातलं पाणी उतरून गेलंय सगळं. घागरीनं भरतो."

"आप्पा, तुमची चालू करा तवर!"

"माझी वडाय लागली की तिची उचलत न्हाय गं. एका तारंवर हाय आमी. आधी तिची."

मग फोनमधून नुसते आवाज येत राहिले. घागरीचा, पाण्याचा, आणि मालुबाईचा. मालुबाई सत्तरीची, तोंडानं फटकळ. "भरमू, आरं मी सांगत हुते तुला, आदीची इंजनाची दोरी बरी हुती! वडली की लागायची! आता म्हणं प्रोग्राम बसवायचा. बसवून घे म्हणावं, पाट मांडते!"

"आक्का, गप घागर दे."

तीन पंचवीसला मालुबाईच्या मोटरीनं पाणी धरलं. तीन छत्तीसला ती बंद झाली. कुमार ओरडला, "शेचाळीस!"

"आता माझी," भरमू म्हणाला.

तीन अडतीसला भरमूची मोटर लागली. दहा मिनिटं. म्हणजे तीन अठ्ठेचाळीसला काम फत्ते होणार. रूपाली सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

तीन एक्केचाळीसला नेरलवाडीची लाइट गेली.

अकरा ते चार म्हणजे अकरा ते चार असं लाइटीनं कुणाला लिहून दिलेलं नव्हतं. तीन पन्नास. नागेंद्रचं बोट बटणावर. त्याचाही चेहरा उतरला होता. "मॅडम," तो हळू म्हणाला, "चारला एक मिनिट कमी असेपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं खरंच न्हाई होत."

तीन चौपन्न. तीन छप्पन्न. रूपाली फोनला म्हणाली, "आप्पा, आली?"

"न्हाय."

"आली?"

"न्हाय गं. सोड तू."

"आप्पा, तुमचीच पेटी मुकी होईल. लोक काय म्हणतील?"

"मी गावाला काय म्हणालो हुतो? मुकी झाली तर माझ्या दारात आणून टाका. माझी माझ्या दारातच हाय की," भरमू म्हणाला. "सोड म्हणतोय न्हवं."

रूपालीनं नागेंद्रकडं बघून मान हलवली. तीन एकोणसाठला बटण दाबलं गेलं.

चार वाजून सहा मिनिटांनी नेरलवाडीची लाइट आली. नागेंद्र तोंड उघडायच्या आत रूपाली म्हणाली, "माहीत हाय. बोलू नकोस."

गुरुवारी चारशे अकरा पेट्या नव्या नेटवर्कवर बोलत होत्या. अण्णांनी सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकला, 'अपडेट शंभर टक्के यशस्वी.' रूपालीनं ते वाचलं, संडासाच्या दारावरचा कागद फाडला, आणि पुढच्या अपडेटचा पहिला कागद भिंतीला लावला. सगळ्यात आधी तिनं त्यावर एक चौकोन काढला, लाल, जाड. आत लिहिलं, 'मंगळवार.' त्या चौकोनात कुठूनही बाण येत नव्हता. सगळे त्यातून बाहेर निघत होते.

कुमारनं विचारलं, "हे कशावर अवलंबून?"

"कशावरच न्हाय," ती म्हणाली. "आपण त्याच्यावर."

रविवारी ती लॅपटॉप आणि वायर घेऊन गावाला गेली. स्टँडवरनं घरापर्यंत सात जणांनी तिला थांबवून सांगितलं, की त्यांची पेटी फक्कड चाललीय, आणि आठव्यानं विचारलं, की गावभर पेट्या बोलाय लागल्या, मग हिच्या बापाला रोज सकाळी चालत नदीवर का जावं लागतंय? मालुबाई तर ओट्यावर वाटच बघत होती. "भरमूची तेवढी मुकी राहिली व्हय गं? बरंय. घरात दोन बोलणारी हाईत, एक तरी गप असूंदे."

बांधावर भरमू मोटरीशेजारी बसला होता. रूपालीनं पेटी उघडली, वायर जोडली, सर्व्हरला न विचारता बसणारा प्रोग्राम आत घातला.

"झालं?" भरमू म्हणाला.

"झालं. आता मोटर दहा मिनिटं चालवून बंद करायची, म्हणजे बसला."

भरमूनं हात पुढं करून खटका दाबला. काहीच झालं नाही. त्यानं पुन्हा दाबला. मग दोघांनीही मान वर करून तारांकडं बघितलं.

"कवा येणार?" रूपालीनं विचारलं.

"चारला म्हणालेत."

तिनं लॅपटॉप मिटला आणि बांधावर बापाशेजारी बसली. साडेअकरा वाजले होते.

"चारची गेली तर?" थोड्या वेळानं ती म्हणाली.

"उद्या."

"उद्या मला ऑफिस हाय. परवा करते मग, सुट्टी टाकून."

भरमू नुसता तिच्याकडं बघत राहिला, तिला परवाचा वार स्वतःहून आठवेपर्यंत.